वीस मीटरचा चौकोन

हे घाईनं संपवायचं वाचन नाही. परिच्छेद संपला की थांबलात तरी चालेल. मध्येच उठून गॅसवरचं दूध बघून आलात तरी बिघडत नाही. मांडी घालून बसा, खुर्चीत बसा, पाठ टेकवा. एवढंच करा की मनाशी एक जागा धरा आणि मी सांगेपर्यंत ती सोडू नका.

जागा आहे क्यूप्राइट. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, गोल्डफील्ड या जुन्या खाणगावाच्या दक्षिणेला, ९५ क्रमांकाच्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेले बोडके डोंगर. पाऊस जेमतेम, झुडपं खुरटी आणि विरळ. फार पूर्वी जमिनीखालचं कढत पाणी इथल्या ज्वालामुखीच्या खडकांतून वर आलं आणि त्यांची घडणच बदलून गेलं. पाण्याचा मारा जिथे जोराचा तिथे एक खनिज तयार झालं, जिथे बेताचा तिथे दुसरं, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात त्यांची सरमिसळ. हायपरस्पेक्ट्रल, म्हणजे प्रकाशाच्या शेकडो चिंचोळ्या पट्ट्यांत घेतलेल्या, प्रतिमांवर काम करणारी माणसं जगात कुठेही बसलेली असोत, हे माळरान त्यांना आपल्या गल्लीइतकं पाठ असतं. बहुतेकांनी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं.

आता वर या. प्रवासी विमानं उडतात त्याच्या जवळपास दुप्पट उंच, वीस किलोमीटरवर. इथून नासाचं ईआर-२ हे विमान अ‍ॅविरिस नावाचं उपकरण पोटात घेऊन जात असे. १९९७ च्या जूनमध्ये त्यानं क्यूप्राइटची जी पट्टी टिपली, ती पुढे सगळ्यांना वापरायला मोकळी झाली. तिच्यावर आजही नव्या नव्या पद्धती घासून बघतात. एवढ्या उंचीवरून या उपकरणाला जमिनीचा जो लहानात लहान तुकडा सुटा दिसतो, तो साधारण वीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. क्रिकेटच्या खेळपट्टीएवढी एकेक बाजू. त्याहून बारीक भेद त्याच्या गावी नाही.

असा एक चौकोन निवडा. कुठलाही. आणि त्यात उतरा.

एका कडेला पांढरी, बोटांना लागणारी माती आहे: केओलिनाइट, म्हणजे आपली चिनी माती. जरा पुढे खडकाचा उंचवटा, त्यात गुलाबीसर छटेचं अ‍ॅल्युनाइट. मध्ये वाहून आलेला गाळ, त्यात दोन्हींचे कण आणि वर बारीक अभ्रक. दोन झुडपं. उंचवट्याच्या पायाशी सकाळच्या उन्हानं पाडलेली सावली. पायाखाली एक दगड उचलून बघा: अर्धा गंजलेला, अर्धा पांढरा. या दगडाचंसुद्धा एक नाव सांगता येत नाही.

या चौकोनातून वर जो प्रकाश जातो, तो सगळा मिळून एकच. उपकरणाला ना झुडूप दिसतं, ना दगड. त्याच्या हाती या साऱ्याची एकत्र बेरीज येते. इथे थोडं रेंगाळा. आपण या चौकोनात चालत होतो तेव्हा प्रत्येक वस्तू आपापल्या जागी होती. वर जाताना जागा पुसली गेली, उरली ती प्रत्येक वस्तूची प्रकाशातली खूण, तीही बाकीच्यांच्या खुणांत विरघळलेली.

ही खूण कशी असते ते आधी बघू, मग ती वेगळी काढायचं पाहू.

प्रकाश घ्या. सूर्यापासून निघाला, हवेतून खाली आला, मातीला लागला, परत हवेतून वर गेला. जाताना त्यातला थोडा भाग मातीनं ठेवून घेतला. कुठला भाग ठेवून घेतला, यात सगळं आहे. साधा कॅमेरा तीन रंगांवर भागवतो: लाल, हिरवा, निळा. अ‍ॅविरिस ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्यापासून २५०० नॅनोमीटरच्या पार न दिसणाऱ्या अवरक्तापर्यंत प्रकाशाच्या २२४ चिंचोळ्या पट्ट्या पाडतं, प्रत्येक सुमारे दहा नॅनोमीटर रुंद, आणि प्रत्येक पट्टीत किती प्रकाश परत आला ते मोजतं. २२४ आकडे ओळीनं मांडले की एक रेघ होते. वर चढणारी, मध्येच खचणारी, पुन्हा सावरणारी. तुमच्या चौकोनाची ही रेघ.

१४०० आणि १९०० नॅनोमीटरच्या आसपास ही रेघ एकदम बसते. तिथे मातीचा काही संबंध नाही. हवेतली वाफच तो प्रकाश पिऊन टाकते. म्हणून तेवढ्या पट्ट्या काढून टाकतात, टोकाच्या काही गोंगाटाच्याही टाकतात, आणि क्यूप्राइटवर काम करणारे सहसा १८८ पट्ट्यांवर येऊन थांबतात. मातीकडे बघायचं तर वाटेत हवा आहे, हे इथेच मनात नोंदवून ठेवा.

आता रेघेवरून हळूहळू उजवीकडे सरका. दिसणारे रंग मागे टाका. १००० मागे टाका, २००० मागे टाका. २२०० च्या जवळ थांबा. इथे घाई करू नका, कारण क्यूप्राइटचं सारं गुपित या शे-दोनशे नॅनोमीटरच्या गल्लीत आहे.

शुद्ध केओलिनाइटची रेघ इथे दोनदा खचते: २१६० च्या आसपास एक उथळ खड्डा आणि लगेच २२०० च्या थोडं पुढे दुसरा, खोल. जोडखड्डा. एकदा नजरेत बसला की हजार रेघांत ओळखू येतो. अ‍ॅल्युनाइटचा खड्डा रुंद, त्याचा तळ २१७० च्या जवळपास. मस्कोव्हाइट, म्हणजे पांढरा अभ्रक, २२०० ला एकच नेमका खड्डा पाडतो. कॅल्साइट या गल्लीत गप्प असतं आणि पुढे २३४० ला बोलतं.

का पडतो हा २२०० जवळचा खड्डा? खनिजाच्या आत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची एक जोडी आहे. ती जोडी सतत ताणली-आखडली जाते, आणि ती ज्या अ‍ॅल्युमिनियमला धरून आहे त्याच्यासकट वाकतेही. ताणणं आणि वाकणं यांच्या तालाची बेरीज जिथे होते, नेमक्या त्या तरंगलांबीचा प्रकाश ती जोडी उचलून घेते. शेजारचे अणू कसे बसलेत त्यावर ताल किंचित हलतो, म्हणून केओलिनाइटचा खड्डा इथे आणि अ‍ॅल्युनाइटचा तिथे. वीस किलोमीटरवरून एका अणुजोडीचा ताल मोजता येतो. मला हे फार वर्षं माहीत आहे. तरी दर वेळी लिहिताना हात जरा थबकतो.

आता मिसळण.

समजा चौकोनाचा अर्धा भाग केओलिनाइट आणि अर्धा अ‍ॅल्युनाइट, शेजारी शेजारी, मध्ये सरळ हद्द. तर चौकोनाची रेघ दोन्ही रेघांच्या बरोबर मधोमध पडेल. तीन भाग केओलिनाइट आणि एक भाग अ‍ॅल्युनाइट असेल, तर ती केओलिनाइटकडे तेवढीच सरकेल. एवढाच हिशेब. प्रत्येक वस्तूची शुद्ध रेघ, तिला तिच्या वाट्यानं गुणा, सगळ्यांची बेरीज करा. उलट दिशेनं जायचं म्हणजे बेरजेवरून वाटे शोधायचे. शुद्ध रेघा हातात असतील तर शाळेतल्या एकसामयिक समीकरणांचाच हा थोरला भाऊ: समीकरणं १८८, अज्ञात आठ-दहा.

पण गणिताला मातीचं भान नसतं. त्याला मोकळं सोडलं तर ते बिनदिक्कत सांगेल की या चौकोनात केओलिनाइट एकशे तीस टक्के आणि अभ्रक उणे तीस टक्के. आकडा चोख जुळतो, जमीन जुळत नाही. म्हणून दोन अटी घालतात. कुठलाही वाटा शून्याच्या खाली जाणार नाही. आणि सगळ्या वाट्यांची बेरीज एक.

पहिल्या अटीशी बसा. वस्तू एक तर आहे किंवा नाही. ‘नाही’च्या पलीकडे काही नसतं. ही अट निखळ आहे, तिच्याशी भांडण नाही.

दुसरी अट मात्र जरा उलटून पाहा. बेरीज एक, म्हणजे चौकोनात जे काही आहे ते सगळं माझ्या यादीत आहे, असं तुम्ही गृहीत धरलंत. यादीत झुडूप नसेल तर? झुडपाचा वाटा यादीतल्या इतरांच्या माथी बसणार. आणि त्या उंचवट्याच्या पायाशी असलेली सावली? ती तर वस्तूच नाही. पण तिथून प्रकाश कमी येतो, रेघ खाली दबते, आणि बेरीज एक करायच्या हट्टात हिशेब कुठल्या तरी काळपट खनिजाला जास्तीचा वाटा देऊन मोकळा होतो.

यावर एक सुंदर तोड १९८६ साली निघाली, तीही मंगळासाठी. जॉन अ‍ॅडम्स, मिल्टन स्मिथ आणि पॉल जॉन्सन यांनी व्हायकिंग-१ या यानानं मंगळाच्या जमिनीवरून घेतलेली चित्रं पुन्हा अभ्यासायला घेतली. त्या कॅमेऱ्याला जेमतेम सहा रंगपट्ट्या होत्या. त्यांनी प्रत्येक ठिपका म्हणजे धूळ, खडक यांचं मिश्रण मानलं आणि सावलीलाही एक वाटेकरी केलं. जी वस्तू नाही, तिला यादीत मानानं बसवलं. तसं केल्यावरच खडकांच्या रंगातला खरा फरक आणि निव्वळ ऊन-सावलीचा फरक वेगवेगळे झाले. या विषयाची आजची पद्धतशीर वाट बऱ्याच अंशी तिथून सुरू होते.

तुमच्या चौकोनात सावली कुठे कुठे होती, आठवा. उंचवट्याची मोठी दिसली. पण प्रत्येक खड्याची एक इवलीशी सावली होती, मातीच्या प्रत्येक खरबरीत दाण्याची होती. सावली नसलेली जमीन नसते.

आतापर्यंत एक गोष्ट मी हळूच सोडून दिली. शुद्ध रेघा हातात असतील तर, असं म्हणालो. त्या येतात कुठून?

एक वाट प्रयोगशाळेची. खनिजाची पूड करून तिची रेघ मोजायची. अशा रेघांचा मोठा संग्रह अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागानं केलेला आहे. पण प्रयोगशाळेतली पूड दिव्याखाली असते, चाळलेली असते. क्यूप्राइटची माती उन्हात आहे, वर लाखो वर्षांची झीज आहे. एकाच खनिजाच्या दोन ढिगांच्या रेघा तंतोतंत सारख्या निघत नाहीत. म्हणून दुसरी वाट: प्रतिमेलाच विचारायचं.

यासाठी मनात एक कोरा कागद आणा. २२४ आकडे सोडा, फक्त दोन घ्या: २१७० ला किती प्रकाश आला तो आडव्या अक्षावर आणि २२१० ला किती आला तो उभ्या अक्षावर. प्रत्येक चौकोन म्हणजे कागदावर एक ठिपका. दोनच खनिजं असतील तर सगळे ठिपके त्या दोन शुद्ध ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषेवर पडतील. कारण मिश्रण कधीच दोन टोकांच्या बाहेर जाऊ शकत नाही. तीन खनिजं असतील तर ठिपके एका त्रिकोणात भरतील. हवेत घोंगावणारा चिलटांचा थवा कल्पा, पण कडा सरळ असलेला. त्रिकोणाचे तीन कोपरे म्हणजे तीन शुद्ध खनिजं. आतला प्रत्येक ठिपका कुठल्या कोपऱ्यापासून किती दूर, यात त्याचे वाटे आले.

म्हणजे शुद्ध रेघ कुणी सांगायची गरज नाही. थव्याचा आकार बघा, कोपरे दिसतील. मिश्रणाच्या आकारातच शुद्धाचा पत्ता लिहिलेला असतो.

या एका निरीक्षणावर गेल्या तीसेक वर्षांतल्या कितीतरी पद्धती उभ्या आहेत. एन-फाइंडर नावाची १९९९ ची पद्धत थव्यातलेच ठिपके कोपरे म्हणून धरते आणि आकृती आतून फुगवत फुगवत मोठ्यात मोठी करते. २००५ मध्ये लिस्बनच्या नासिमेंतो आणि बियुकास-दियास यांची पद्धत आली. ती एकेका दिशेनं थव्याकडे बघते आणि त्या दिशेला सगळ्यात पुढे उभा असलेला ठिपका उचलते. दोन्ही एका श्रद्धेवर चालतात: प्रत्येक खनिजाचा निदान एक तरी चौकोन शुद्ध असणार.

वीस मीटर बाय वीस मीटरचा शुद्ध चौकोन. आपण आताच एका चौकोनात फिरून आलो. तुमचा विश्वास बसतो?

क्यूप्राइटला काही ठिकाणी ही श्रद्धा बऱ्यापैकी खरी ठरते. तिथले डोंगर उदार आहेत. पण बहुतेक जमिनीवर थवा कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही, कोपरे कुरतडल्यासारखे गोल असतात. अशा वेळी मॉरिस क्रेग यांनी १९९४ मध्ये सुचवलेली उलटी रीत कामी येते: आतून फुगवण्याऐवजी बाहेरून आवळा. सगळे ठिपके मावतील असा लहानात लहान त्रिकोण शोधा. मग कोपरा अशा जागी येतो जिथे एकही ठिपका नाही. प्रतिमेत कुठेही न दिसलेली रेघ ‘शुद्ध खनिज’ म्हणून हाती येते. मला विचाराल तर या सगळ्या शास्त्रात ही जागा सगळ्यात जास्त विचार करण्यासारखी आहे. जे शुद्ध म्हणून आपण मोजमापाला धरतो, ते कुणीही, कुठेही, पाहिलेलं नाही; आणि तरीही त्याच्यावाचून समोरचा एकही मिश्र चौकोन वाचता येत नाही.

उलट धोकाही आहे, आणि तो जास्त वेळा गाठतो. सगळ्यात पुढे उभा असलेला ठिपका दर वेळी खनिजच असेल असं नाही. उपकरणातली एखादी बिघडलेली पट्टी, एखादा झगझगीत पत्रा, सूर्याची तिरीप मारणारा कातळ. हे सगळे थव्याच्या बाहेर डोकं काढतात आणि मोठ्या रुबाबात कोपरा होऊन बसतात. मग शेकडो भल्या चौकोनांना त्या पत्र्याचा वाटा मिळतो. कोपरे किती मोजायचे यावरही एकमत नाही: त्याच क्यूप्राइटच्या पट्टीत कुणी दहा मानले, कुणी बारा, कुणी चौदा. जमीन तीच.

इथे जरा हात मोकळे करा. एक करून बघण्यासारखी गोष्ट सांगतो. सामान घरातच असेल. पांढरी रांगोळी घ्या, शिरगोळ्याच्या दगडाची पूड. आणि तेवढीच कोळशाची बारीक पूड. कागदावर एक वर्तुळ काढा, अर्ध्यात पांढरी भरा, अर्ध्यात काळी. दहा-पंधरा पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करा: एक करडा रंग दिसेल, दोहोंच्या मधला. आता तीच पांढरी आणि तीच काळी एका वाटीत घालून बोटानं नीट एकजीव करा आणि दुसऱ्या वर्तुळात भरा. प्रमाण तेच, अर्धं-अर्धं. रंग मात्र मधला येणार नाही. जवळजवळ काळाच येईल.

बोटाला लागलेली पूड बघत बसा थोडा वेळ. काय झालं?

शेजारी शेजारी असताना प्रकाशाचा किरण एक तर पांढऱ्यावर पडला किंवा काळ्यावर, आणि तिथूनच परतला. एकजीव झाल्यावर तो पांढऱ्या कणाला लागून उसळला तो शेजारच्या काळ्या कणावर. पांढऱ्याचं वैशिष्ट्य हेच की तो किरण सोडून देतो. काळ्याचं हे की तो ठेवून घेतो. परत बाहेर पडायच्या आधी किरण अनेक कणांवर आपटतो, आणि त्यातला एक जरी काळा भेटला तरी बहुतेक संपला. कोळशाची पूड जितकी बारीक वाटाल तितकी ती जास्त काळं करते, वजन तेवढंच ठेवूनही.

म्हणून वाट्यानं गुणून बेरीज करायचा साधा हिशेब इथे फसतो. क्यूप्राइटच्या गाळात खनिजांचे कण असेच एकजीव आहेत. साधा हिशेब तिथे काळपट खनिजाला त्याच्या खऱ्या वाट्याच्या कितीतरी पट देऊन टाकेल. ब्रूस हॅपके यांनी १९८१ मध्ये यावरचं गणित मांडलं: रेघेवरून आधी एकट्या कणानं किती प्रकाश परतवला असता ते काढा, त्या मापात मिश्रण पुन्हा साध्या बेरजेनं वागतं, मात्र वाटे मग क्षेत्रफळाचे न राहता कणांच्या आकाराला आणि घनतेलाही धरून ठरतात. चंद्र आणि मंगळ यांच्या मातीवर काम करणाऱ्यांचा या गणितावाचून निभाव लागत नाही. पृथ्वीवरचे बरेच जण मात्र साध्या बेरजेवरच भागवतात, कारण ती झटपट होते आणि नकाशा देखणा येतो. देखण्या नकाशाबद्दल मी जरा साशंकच असतो.

आता हिशेबाची उरलेली बाजू. वाटे काढले, शुद्ध रेघांना गुणले, बेरीज केली. ही झाली तुम्ही रचलेली रेघ. मोजलेल्या रेघेतून ती वजा करा. काहीतरी उरतं. नेहमी उरतं. बऱ्याच कामांत त्याचा एकच आकडा करून तक्त्याच्या कोपऱ्यात टाकतात, लहान असला की झालं. तुम्ही तसं करू नका. उरलेल्या रेघेलाही एक आकार असतो. तिच्यावरूनही मघासारखंच सावकाश चाला. नुसता गोंगाट असेल तर ती वेडीवाकडी थरथरेल. पण एका ठरावीक जागी, चौकोनामागून चौकोनात, तिथेच खचत असेल तर कुणीतरी यादीबाहेरचं दार वाजवतंय.

क्यूप्राइटला हे खरोखर घडलं. अ‍ॅविरिसच्या आधी, १९८० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत, त्याच्याच एका कच्च्या पूर्वजानं या डोंगरांची रेघ घेतली होती. अलेक्झांडर गेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही ठिकाणी २१२० नॅनोमीटरजवळ खड्डा दिसला. केओलिनाइट तिथे खचत नाही, अ‍ॅल्युनाइटही नाही. ते बडिंग्टोनाइट निघालं, अमोनियम धरून असलेलं फेल्डस्पार. या भागात भूवैज्ञानिक आधीपासून फिरत होते, पण हे खनिज साध्या डोळ्यांना कुठल्याही फिक्या दगडासारखं दिसतं. कुणी त्याला थांबून विचारलं नव्हतं.

उरलेल्या रेषेला मान दिल्याची याहून जुनी गोष्ट सूर्याची आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात पिएर जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये ग्रहणाशिवाय तो पाहिला. ५८७.६ नॅनोमीटरला पिवळी रेषा होती. सोडियमची जोडरेषा अगदी शेजारी, ५८९.० आणि ५८९.६ ला. दीड-दोन नॅनोमीटरचा फरक सोडून देणं सोपं होतं. लॉकियर यांनी सोडला नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी एका खनिजातून तीच पिवळी रेषा देणारा वायू काढला तेव्हा सत्तावीस वर्षं उरून राहिलेल्या रेषेला धनी मिळाला: हेलियम. आपल्याकडे विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवताना हेलियमचा शोध इथे लागला असं हौसेनं सांगतात. लॉकियर विजयदुर्गाला आले होते हे खरं, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. तोवर हेलियम सापडून गेला होता. सूर्याची रेघ वाचायला ते कोकणात आले, एवढंही मला पुरेसं वाटतं.

आता क्यूप्राइट सोडा. तो चौकोन ठेवून द्या आणि चंद्रावर या.

२२०० जवळचा खड्डा आठवा, ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा. तो बेरजेचा ताल होता. त्या जोडीचा मूळ ताल, नुसतं ताणण्याचा, त्याच्या पुढे २८०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ३ मायक्रॉनच्या अलीकडे आहे, आणि तिथला खड्डा कितीतरी खोल. पृथ्वीवर तो विमानातून बघता येत नाही. मघाशी नोंदवलेली हवेतली वाफ तिथे सगळा प्रकाश गिळते. चंद्राला हवा नाही. २२ ऑक्टोबर २००८ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या चांद्रयान-१ वर नासाचं ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ होतं, ३ मायक्रॉनपर्यंत बघणारं. २००९ च्या सप्टेंबरात कार्ले पीटर्स आणि त्यांच्या चमूनं सांगितलं: कोरड्याठाक मानलेल्या चंद्राच्या मातीवर हा खड्डा दिसतो, ध्रुवांकडच्या थंड भागात ठळक, विषुववृत्ताकडे जाता जाता पुसट.

या पुसट होण्याशी थांबा. दुपारी विषुववृत्ताजवळची चंद्राची जमीन शंभर अंशांच्या वर तापते. तापलेली जमीन नुसता सूर्याचा प्रकाश परतवत नाही, स्वतःही अवरक्त किरण सोडते. २ मायक्रॉनच्या पुढे ते वाढत जातात आणि ३ जवळ चांगलेच भरतात. म्हणजे खड्डा असेल तर त्यात उष्णता ओतली जाते आणि तो बुजतो. मिश्रण इथेही आहे, पण दोन खनिजांचं नाही: एक परतलेला प्रकाश, दुसरा जमिनीचा स्वतःचा.

वजा करायला जमिनीचं तापमान हवं. ते कमी धरलंत तर थोडी उष्णता खड्ड्यात राहून जाईल आणि तिथे पाणी नाही असं दिसेल. जास्त धरलंत तर नसलेला खड्डा खणला जाईल. २०१८ मध्ये जोशुआ बँडफील्ड आणि सहकाऱ्यांनी तीच मोजमापं घेतली, जमिनीच्या खडबडीतपणामुळे उन्हातलं आणि सावलीतलं तापमान वेगळं असतं हे धरून उष्णता नव्यानं वजा केली, आणि त्यांना खड्डा विषुववृत्तालाही दिसला, दुपारीही दिसला. रेघा त्याच. वजाबाकी वेगळी, म्हणून चंद्र वेगळा.

ती रेघ आता उजव्या टोकापर्यंत चालत जाऊन बघा. ती ३ मायक्रॉनला संपते, आणि खड्डाही तिथेच आहे. त्याचा डावा उतार दिसतो, तळाचा अंदाज येतो, उजवा चढ दिसतच नाही. उष्णता आणि शोषण दोन्ही एकमेकांत पाय गुंतवून बसलेत आणि रेघ तिथेच तुटली आहे. हातात असलेल्या आकड्यांतून कितीही हुशारीनं वाटे काढले तरी त्यांना सोडवायला पुरेसा प्रकाशच मोजलेला नाही.

२२ जुलै २०१९ ला सुटलेल्या चांद्रयान-२ वर भारतानं जो अवरक्त वर्णपटमापक बसवला, तो ०.८ पासून ५ मायक्रॉनपर्यंत बघतो. ३ च्या पुढे खड्ड्याचा उजवा चढ येतो. आणखी पुढे सूर्याचा परतलेला प्रकाश क्षीण होत जातो, तापलेल्या जमिनीवर उष्णता जवळजवळ एकटी बोलते. तिथे तिला आधी ऐकायचं, तिचं तापमान तिच्याच तोंडून घ्यायचं, आणि मग मागे ३ वर येऊन वजाबाकी करायची.